पडद्यावरील अस्पृश्य आणि प्रेक्षागृहातील बौद्ध

भारतीय घटनेचे पंधरावे कलम आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचे आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून राज्याने कोणाही नागरिकास भेदभावाने वागवू नये, हा त्याचा आरंभ सभांतून नेहमी ऐकावयास मिळतो. परंतु त्याच कलमाचे दुसरे पोटकलम फारसे कोणी वाचीत नाही. तेथे एक यादी आहे. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट व रस्ते तिच्यात आहेत. दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले आहेत. आणि त्यांच्याच पंगतीस "सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे" असे शब्द आहेत. म्हणजे नाटकगृह, तमाशाचा फड, सर्कशीचा तंबू आणि सिनेमाचे थिएटर. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अशा ठिकाणी अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास अडविणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरविला. ज्या अर्थी चवदार तळ्याचे पाणी आणि सिनेमाची खुर्ची घटनेने एकाच पोटकलमात आणून बसविली, त्या अर्थी दीक्षा घेतलेल्या कुटुंबांसाठी निघणाऱ्या पाक्षिकाने सिनेमावर अग्रलेख लिहिला तर वडीलधाऱ्या वाचकांनी नवल करू नये. खुर्ची मिळाली, त्या खुर्चीवर बसून आपल्याला काय दाखविले जाते, आणि ते पाहून आपण घरी काय घेऊन येतो, हा आजचा प्रश्न आहे.

आमच्या लहानपणी वऱ्हाडात जत्रेच्या दिवसांत तंबूतला सिनेमा येत असे. मालमोटारीवरून यंत्र यायचे, कनाती उभ्या राहायच्या, मधोमध दोर बांधून बायका एका अंगाला व पुरुष दुसऱ्या अंगाला बसावयाचे. तिकीट विकणारा माणूस परगावचा. त्याने कोणाला जात विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही; त्याला पैसे हवे असत. गावात ज्यांच्या ओट्याखाली आम्ही उभे राहात असू, त्यांच्याच मुलांच्या गुडघ्याला गुडघा लावून आम्ही मारामारीची चित्रे पाहिली. खेळ सुटून दिवा लागला की जो तो आपापल्या आळीच्या वाटेला लागे. तीन तासांची ही समता पैशाने विकत घेतलेली होती. तरी ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. माणसाच्या अंगाला अंग लागून काहीही विटाळत नाही, हे त्या तंबूत सर्व गावाला दर वर्षी दिसत होते. पाहण्याची इच्छा मात्र नव्हती.

आता पडद्याकडे वळू. अस्पृश्यतेवरचे म्हणून जे जुने चित्रपट नावाजले जातात, त्यांत "अछूत कन्या" हा पहिल्या मानाचा. बॉम्बे टॉकीजने तो १९३६ साली काढला, फ्रान्झ ऑस्टेन या जर्मन दिग्दर्शकाने तो दिग्दर्शित केला, आणि देविकाराणी व अशोककुमार यांनी त्यात कामे केली. रेल्वेच्या फाटकावर काम करणाऱ्या अस्पृश्य माणसाची कस्तुरी ही मुलगी. ब्राह्मणाच्या मुलावर तिचे प्रेम, आणि त्या मुलाच्या बापाचे प्राण तिच्या बापाने सर्पदंशातून वाचविलेले. लग्न अर्थातच होत नाही. शेवटी त्याच फाटकाजवळ दुसऱ्यांचे प्राण वाचविण्यासाठी कस्तुरी धावत्या गाडीला सामोरी जाते आणि मरते. चित्रपटाच्या आरंभी तिच्या नावाचे स्मारक दाखविले आहे; तिची कथा आपण तेथून ऐकतो. जिवंतपणी जिला घरात घेता आले नाही, तिला मेल्यावर पूजास्थान करून दिले.

आम्ही हा चित्रपट कायद्याचा अभ्यास करीत असताना प्रथम पाहिला. पाहताना मनात सारखा एकच आकडा येत होता: १९३६. त्या अगोदर काही महिने, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, बाबासाहेबांनी येवल्यास हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केल्यावर तिच्यासाठी लिहिलेले भाषण त्यांनी १९३६ च्या मे महिन्यात स्वतःच छापून प्रसिद्ध केले. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत महार परिषद भरली आणि धर्मांतर का करावयाचे याची तेथे वकिली पद्धतीने, मुद्देसूद फोड झाली. तेव्हा ज्या वर्षी हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष आपला मार्ग आपण ठरविण्यासाठी एकत्र बसले होते, त्याच वर्षी पडद्यावरची अस्पृश्य कन्या गाडीखाली जात होती व प्रेक्षागृह रडत होते. चित्रपट काढणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आमचे म्हणणे नाही. त्या काळी असा विषय घेणे हेच धाडस होते. पण अस्पृश्याच्या मरणावर रडणे सोपे असते. त्याच्या निश्चयाला उत्तर देणे अवघड असते, आणि ते उत्तर देण्याची पाळी त्या प्रेक्षकांवर आली नाही.

यापेक्षा अधिक विचार करावयास लावणारे उदाहरण "सुजाता"चे आहे. बिमल रॉय यांचा हा चित्रपट १९५९ चा. त्या वर्षीचे उत्कृष्ट चित्रपटाचे फिल्मफेअर पारितोषिक त्याला मिळाले, आणि नूतनचे त्यातील काम पाहून आजही मन हेलावते. अस्पृश्य आईबापांची पोरकी मुलगी एका ब्राह्मण अभियंत्याच्या घरी वाढते. घरातील बाई वाईट नाही. ती मुलीला जेवूखाऊ घालते, तिच्यावर माया करते. परंतु कोणी परके आले की ही आमची मुलगी असे न म्हणता मुलीसारखी आहे असे म्हणते. त्या "सारखी"वर सगळा चित्रपट उभा आहे. बिमल रॉय यांची खरी थोरवी आम्हांस या एका शब्दात दिसते, कारण हा शब्द आमच्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे.

आम्ही कायद्याच्या महाविद्यालयात असताना एका शहरात भाड्याच्या खोलीत राहात होतो. घरमालकीणबाई प्रेमळ होत्या. सणाला ताट पाठवीत, आजारात काढा देत, आणि हा मला मुलासारखा आहे असे शेजारणीला सांगत. चौदा एप्रिलला आम्ही खोलीत बाबासाहेबांची तसबीर लावली. ती पाहून त्या काही बोलल्या नाहीत. पंधरवड्याने त्यांच्या कोणा नातेवाइकास खोलीची गरज पडली. शहराचे वा बाईंचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; अशी खोली आमच्या शेकडो विद्यार्थ्यांनी सोडली आहे. पुढे "सुजाता" पाहताना त्या बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि राग आला नाही हेही येथे नमूद करतो. "सारखा" या शब्दात जेवढे मावते तेवढे त्यांनी दिले होते. वकिलीच्या धंद्यात "सारखे" हे काही प्रमाण नव्हे. मुलगी दत्तक असते किंवा नसते. भाडेकरूला हक्क असतो किंवा नसतो. जाता जाता सांगावयास हरकत नाही की १९५६ च्या दत्तक कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची सोय केली आणि जातीची अट ठेवली नाही. हा कायदा हिंदू कोड बिलाच्या ज्या मोठ्या प्रयत्नातून आला, त्यापायी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले होते. म्हणजे चित्रपट पडद्यावर आला तेव्हा "सारखी" हा शब्द खोडून टाकण्याची वाट कायद्याने तीन वर्षांपूर्वीच मोकळी केली होती.

"सुजाता"त एक नाटक दाखविले आहे: रवींद्रनाथांचे "चंडालिका". भिक्खू आनंद तहानेला आहे, विहिरीवर चांडाळाची मुलगी प्रकृती पाणी भरते आहे, आणि तो तिच्या हातचे पाणी मागतो. ही कथा रवींद्रनाथांनी बौद्ध साहित्यातून, दिव्यावदानातील शार्दूलकर्णाच्या अवदानातून घेतली. मूळ कथेत प्रकृती शेवटी भगवान बुद्धांसमोर येते आणि भिक्षुणी होऊन संघात प्रवेश करते. नगरातील ब्राह्मण व गृहस्थ त्यावर खवळतात, राजा प्रसेनजित स्वतः चौकशीला येतो, आणि तेव्हा जातिभेद कसा निराधार आहे याचे विवेचन बुद्ध करतात. याचा अर्थ असा की मूळ कथेतील पाणी हा आरंभ आहे. शेवट संघप्रवेशात, म्हणजे धर्मांतरात आहे. परंतु चित्रपटातील सुजाताला हा मार्ग कोणी दाखवीत नाही. जीव देण्याच्या विचाराने ती नदीकाठी जाते, तेव्हा तिला तेथे गांधीजींचे शिल्प आणि वचन दिसते. पुढे तिच्या रक्ताने मानलेल्या आईचे प्राण वाचतात, आई तिला पोटाशी धरते, आणि ब्राह्मण तरुणाशी तिचे लग्न ठरते.

नागपूरची दीक्षा होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला लक्षावधी सुजाता आणि त्यांचे आईबाप पांढरी वस्त्रे नेसून एका मैदानावर उभे राहिले, ही बातमी देशभर गेली होती. आनंद व प्रकृती यांची कथा खुद्द चित्रपटाच्या मध्यभागी ठेवलेली होती. आणि तरीही ज्या रस्त्याने खऱ्या सुजाता चालू लागल्या होत्या तो रस्ता नाटकाच्या रंगमंचावरच राहिला, खाली उतरून गोष्टीत आला नाही. आंतरजातीय विवाहाला आमचा विरोध नाही. रक्ताचे मिश्रण झाल्याखेरीज आपलेपणा उत्पन्न होणार नाही, असे १९३६ च्या त्या भाषणात बाबासाहेबांनीच म्हटले आहे. पण ते तेथे थांबले नाहीत. शास्त्रांच्या पावित्र्यावरील विश्वास नष्ट केल्याशिवाय असे विवाह होणार नाहीत, हे त्यांनी पुढच्याच पायरीला सांगितले. "सुजाता"त शास्त्रांना कोणी हात लावीत नाही. मुलीचा चांगुलपणा इतका वाढवीत नेतात की शेवटी शास्त्रानेच लाजून बाजूला व्हावे. आमच्या नव्या पिढीच्या मुलींनी हा चित्रपट अवश्य पाहावा. मात्र घरात शिरण्यासाठी रक्ताची बाटली देण्याइतके चांगले असावे लागते काय, हा प्रश्न मनात ठेवून पाहावा.

येथपर्यंत जे चित्रपट आमच्याविषयी बोलतात त्यांची गोष्ट झाली. नवदीक्षित घराला याहून मोठा संबंध येतो तो आमच्याविषयी काहीच न बोलणाऱ्या चित्रपटांशी. १९७५ साली "जय संतोषी माँ" नावाचा एक साधा चित्रपट आला. तोपर्यंत ही देवी देशाच्या मोठ्या भागात कोणाला फारशी ठाऊक नव्हती. चित्रपट लागला आणि थिएटरच्या दारात लोक चपला काढू लागले, पडद्यावर फुले व नाणी उधळू लागले, आणि सोळा शुक्रवारांचे व्रत घराघरांत शिरले. धर्मप्रसाराचे इतके मोठे काम एका चित्रपटाने एका वर्षात केले. सिनेमा ही केवळ करमणूक आहे असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आमच्या घरातही ते व्रत आले. आजी नागपूरच्या दीक्षेला पायी आणि बैलगाडीने जाऊन आलेली. आत्या तिचीच लेक. आत्याचे काही अडले होते, शेजारणीने सांगितले, आणि ती शुक्रवार करू लागली. त्या दिवशी आंबट खावयाचे नाही हा त्यातला मोठा नियम. आजीने भांडण केले नाही. तिने एका शुक्रवारी वरणात चिंच घातली, आत्या जेवून उठली, आणि मग सांगितले. आत्या घाबरून रडू लागली तेव्हा आजी म्हणाली, "जे मी नागपूरले सोडून आली, ते तू सिनेमातून घरी आनलं काय?" घरावर काही कोसळले नाही. व्रत पुढे आपोआप सुटले. आजीची रीत सर्वांना मानवेल असे नाही, आणि सुनांच्या वा लेकींच्या ताटात न सांगता काही घालावे असा सल्ला आम्ही देणार नाही. परंतु बावीस प्रतिज्ञा भिंतीवर टांगलेल्या असताना त्यांतील पहिल्या तीन प्रतिज्ञांच्या विरुद्ध गोष्टी पडद्याच्या वाटेने घरात येतात, हे तिला अक्षरओळख नसताना कळले होते.

दुसरी आठवण १९८७-८८ ची. दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी रामायण लागत असे. गावात ज्यांच्याकडे संच होता त्यांच्या घरात सतरंजीवर गाव बसे, आणि आम्ही बौद्धवाड्यातील पोरे अंगणातून, खिडकीच्या गजांमधून पाहात असू. हाकलून दिले नाही, आत या असेही कोणी म्हटले नाही. परत आल्यावर आजी दर रविवारी एकच विचारी, "शंबूक आला काय रे?" शंबुकाची गोष्ट तिने जलशात ऐकली होती. आम्ही म्हणायचो, नाही आला. असे कित्येक रविवार गेले. राज्याभिषेक झाला आणि १९८८ च्या जुलैअखेर ती मालिका संपली. शंबूक आला नाही, कारण त्याची गोष्ट राज्याभिषेकाच्या पुढची आहे आणि गाडी त्या अगोदरच्या स्टेशनावर थांबली होती. त्याच काळात महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या चौथ्या खंडावरून, त्यातील राम व कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावरून, केवढे रण माजले होते! परिशिष्ट गाळा म्हणून मोर्चे निघाले, आणि ते गाळू नये म्हणून १९८८ च्या फेब्रुवारीत आमच्या लोकांनी मुंबई भरून टाकली. परिशिष्ट राहिले, शासन त्याच्याशी सहमत नसल्याच्या टिपेसह राहिले. रविवारच्या मालिकेखाली अशी टीप कोणी घातली नाही.

मग आमच्या घरांनी काय करावे? संच बंद करावा, मुलांना थिएटरात जाऊ देऊ नये, असे सांगणारे काही सज्जन आहेत. आम्हांस ते मान्य नाही. बंदीने मूल चोरून पाहावयास शिकते. आजीने आम्हांला रविवारी कधी अडविले नाही. तिने प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नामुळे आम्ही पडद्यावर जे नव्हते ते शोधीत बसलो. ज्या घराने नुकतीच दीक्षा घेतली आहे, जेथे आजोबांच्या देव्हाऱ्याची जागा भिंतीवर अजून पांढरी दिसते, तेथे हे काम आईला सर्वांत चांगले करता येईल. चित्र पाहून झाले की मुलाला विचारावे: निर्णय कोणी घेतला? मार कोणी खाल्ला? नवस कोण बोलला आणि काम कोणाच्या कष्टाने झाले?

अलीकडच्या वीस वर्षांत पडदा बदलला आहे हे मात्र मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. जब्बार पटेल यांच्या चित्रपटाने, ज्यात मम्मूटी यांनी बाबासाहेबांची भूमिका केली, २००० साली एक दार उघडले. पण आमच्या अंतःकरणाला जास्त झोंबला तो २०१३ चा, नागराज मंजुळे यांचा "फँड्री". त्यातील जब्या हा कैकाडी घरातला मुलगा. शाळेजवळ डुक्कर पकडण्याची पाळी त्याच्या कुटुंबावर येते, राष्ट्रगीत सुरू होते, आणि सारे जण जागच्या जागी उभे राहतात. पुढे मारलेले डुक्कर काठीला बांधून ते नेतात, त्या वाटेवरच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रे रंगविलेली आहेत. त्या दृश्याची पुष्कळ वाखाणणी झाली. आमच्या मनात मात्र वेगळीच आठवण जागी झाली. आमच्या वस्तीत डुकरे धरावयास कैकाडी येत, आणि त्यांच्या पोरांना चिडविणाऱ्यांत आमची पोरेही असत. त्याच पोरांच्या घरात बाबासाहेबांची तसबीर होती. भिंतीवरचे चित्र कोणाच्या हातातली काठी खाली घेत नाही. दीक्षा घेतलेल्या घरातील मूल भटक्या जमातीच्या मुलाशी कसे बोलते, हे पाहण्यासाठी चित्रपटाची वाट पाहावयास नको.

"कोर्ट" या चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या चित्रपटाविषयी आम्हांस धंद्यामुळे अधिक सांगता येईल. नारायण कांबळे हा वृद्ध लोकशाहीर. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू होतो, आणि शाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली असा खटला शाहिरावर भरतात. ही भूमिका नागपूरच्या चळवळीतले वीरा साथीदार यांनी केली. ते २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. चित्रपटात खलपुरुष कोणी नाही. सरकारी वकीलबाई संसारी आहेत, न्यायाधीश वक्तशीर आहेत, पोलीस नेहमीसारखे आहेत. तारीख पडते, पुन्हा तारीख पडते. मृताची विधवा साक्षीला येते आणि नवरा कामाला कसा जात असे ते सरळ सांगते: अंगावर साधन काही नाही, गटाराजवळ आधी खडा टाकून झुरळ बाहेर येते का पाहावयाचे, आले तर आत हवा आहे असे समजावयाचे. आम्ही न्यायालयाच्या बाकावर अशा बाया बसलेल्या रोज पाहतो. त्या रडत नाहीत. आज काम होईल काय, रोजी बुडाली, एवढेच विचारतात. चित्रपटात शाहिराच्या गाण्याचा कीस निघतो, आणि माणसाला हातात झुरळाचा हिशेब देऊन गटारात कोणी उतरविले हा प्रश्न बाजूला राहतो. वाचकांच्या माहितीसाठी: २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटार वा सेप्टिक टाकीत माणूस उतरविण्यास मनाई आहे. अशा मृत्यूबद्दल १० लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम ३० लाख केली. ही भरपाई मागावी लागते, आणि मागणारास कागद जपून ठेवावे लागतात: कामावर कोणी बोलाविले, ठेकेदार कोण, पंचनामा कोठे झाला.

तमिळ "जय भीम" २०२१ साली आला तेव्हा आमच्या तरुणांनी तो नावासाठी पाहिला. कोठडीत नाहीशा झालेल्या नवऱ्यासाठी एक आदिवासी स्त्री उच्च न्यायालयात जाते, आणि तिचा वकील देहोपस्थितीचा अर्ज करतो. १९९३ च्या खऱ्या प्रकरणावर, वकील असताना के. चंद्रू यांनी लढविलेल्या खटल्यावर, तो आधारला आहे. येथेही तारणारा वकील बाहेरून येतो हा आक्षेप कोणी घेईल. पण तडजोडीचे पैसे नाकारण्याचा निर्णय वकिलाचा नाही, त्या गर्भार स्त्रीचा आहे. आणि शेवटी तिची मुलगी वकिलासमोर खुर्चीत पायावर पाय टाकून वर्तमानपत्र हातात घेते. कस्तुरी आणि ही पोर यांच्यामध्ये पंच्याऐंशी वर्षे आहेत.

आता थोडे बंदीविषयी. २०२५ मध्ये "फुले" हा हिंदी चित्रपट ११ एप्रिलला, म्हणजे जोतिरावांच्या जयंतीस, लागावयाचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, परीक्षण मंडळाने जातींची नावे, पेशवाई व मनू यांचे उल्लेख बदलावयास लावले, आणि चित्रपट २५ एप्रिलला आला. ज्या माणसाने हे शब्द उच्चारण्यासाठी आयुष्य वेचले, त्याच्याच चरित्रातून ते शब्द काढावेत! आमच्या लोकांना याचा संताप आला तो रास्तच होता. परंतु त्याच संतापात काही तरुण म्हणू लागले की, मग आपणही आपल्याला न रुचणारे चित्रपट बंद पाडू. येथे वकील या नात्याने आम्ही त्यांना थांबवितो. १९८९ मध्ये रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर जो तमिळ चित्रपट होता, तो जातीवर आधारलेल्या राखीव जागांच्या विरुद्ध होता. आमच्या हिताच्या उघड विरोधात होता. मद्रास उच्च न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले, आणि निदर्शनांच्या किंवा दंगलीच्या धमकीपुढे विचारस्वातंत्र्य गुंडाळून ठेवता येणार नाही, शांतता राखणे हे शासनाचेच काम आहे, असे सांगितले. त्या दिवशी तो निकाल आमच्या लोकांना कडू लागला असेल. परंतु "फुले" चित्रपटाच्या बाजूने न्यायालयात उभे राहावयाचे तर हातात धरावयाचा आधार तोच आहे. दुसऱ्याचे चित्र बंद पाडण्याचा अधिकार आपण मागितला, तर तो अधिकार आपल्यापेक्षा संख्येने व पैशाने मोठे असलेले लोक आपल्याविरुद्ध अधिक चांगला वापरतील.

राहता राहिली एक गोष्ट. २०२३ मध्ये नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केलेल्या एका मालिकेच्या भागात बौद्ध पद्धतीचा विवाह दाखविला गेला. पांढरी साडी नेसलेली शिकलेली वधू, समोर बुद्धांची व बाबासाहेबांची प्रतिमा, आणि हा विधी झालाच पाहिजे हा तिचा आग्रह. त्यानंतर आमच्याकडे दोन-तीन नवदीक्षित कुटुंबे विचारावयास आली की, असा विवाह कायद्याला चालतो काय? चालतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा कलम २ अन्वये बौद्धांनाही लागू आहे. तो आपल्याला लागू असल्याने आपण हिंदू ठरत नाही. मात्र विवाह झाल्यावर महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी न चुकता करावी आणि विधीची छायाचित्रे, पत्रिका व साक्षीदारांची नावे जपून ठेवावीत. पुढे वारसाचा वा पोटगीचा प्रश्न आला की हाच पुरावा उपयोगी पडतो.

वर्षावासात विहारात दर रविवारी मुले जमतात. तेथे महिन्यातून एकदा एखादा चित्रपट, हक्कधारकाची परवानगी घेऊन, दाखवावा आणि नंतर तासभर मुलांना बोलू द्यावे, अशी सूचना आम्ही काही विहार समित्यांना केली आहे. जेथे असा प्रयत्न होईल तेथील कार्यकर्त्यांनी मुलांनी काय विचारले ते आम्हांस लिहून कळवावे. प्रश्न जसेच्या तसे, मुलांच्या बोलीत लिहावेत. ते आम्ही या पाक्षिकात छापू.